गंगावनाची साक्ष

“आजपासून मानवजातीच्या इतिहासाचे दोन भाग पडतील,” डॉ. पद्मजा मगदूम म्हणाल्या. “विषाचा काळ आणि विषमुक्तीचा काळ!”

समोरच्या वार्ताहरांनी टाळ्या वाजवल्या. मिरजेच्या संप्रेरक संशोधन केंद्रात एवढे मोठे वाक्य पूर्वी कोणी उच्चारले नव्हते. तिथली वाक्ये ‘शीतकपाटाचे दार लावून घ्या’च्या पलीकडे सहसा जात नसत. बाईंना स्वतःलाच आपल्या वाक्याचा इतका आनंद झाला, की तसेच आणखी एक टाकावे म्हणून त्यांनी श्वास भरून घेतला. तेवढ्यात त्यांचे सहकारी डॉ. अझीम बागवान मागच्या दाराने आत आले आणि त्यांच्या कानाशी लागले.

“मॅडम, रक्ताचे अहवाल आले. बेचाळीसच्या बेचाळीस आजारी.”

“कोण बेचाळीस?”

“आपलेच. आपण बरे केलेले.”

बाईंनी भरून घेतलेला श्वास सोडून दिला आणि वार्ताहरांना म्हणाल्या, “आता चहा घेऊ या.” इतिहासाचा दुसरा भाग असा चहाआधीच आटोपला.

हे प्रकरण समजायचे तर आधी तोतया समजून घेतला पाहिजे. आपल्या शरीरात संप्रेरके रक्तातून निरोप घेऊन हिंडत असतात. साखर आत घे, चरबी जाळ, हाड वाढव, आता नीज. प्रत्येक पेशीच्या दाराशी त्यांच्यासाठी एक बैठक राखून ठेवलेली असते. शास्त्रज्ञ तिला ग्राही म्हणतात. संप्रेरक त्या बैठकीवर टेकले, की पेशी निरोप ऐकते आणि कामाला लागते. गेल्या शतकात माणसाने प्लास्टिक मऊ करणारी, तव्याला डोसा चिकटू न देणारी, पडद्यांना आग लागू न देणारी आणि पिकावरची कीड मारणारी हजारो रसायने तयार केली. त्यांतल्या कित्येकांचा तोंडवळा योगायोगाने संप्रेरकांसारखा निघाला. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला तेव्हा भली भली शहाणी माणसे फसली होती. पेशी तर बिचारी निरक्षर. ती तोतयाला बैठकीवर बसवते, त्याचे ऐकते, आणि खरा निरोप्या दाराबाहेर ताटकळतो. मग साखर रक्तातच फेऱ्या मारते. जळायची ती चरबी साठते. पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांची धग उतरते. माणूस सुटतो, दमतो, चिडतो, आणि डॉक्टर त्याला ‘वयोमानाने व्हायचंच’ म्हणून धीर देतात. वय असते सव्वीस.

शरीरही काही हातावर हात ठेवून बसत नाही. यकृत या तोतयांना पकडते आणि पित्ताबरोबर आतड्यात हाकलून देते. पण तडीपार केलेला गुंड जसा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर एक चहा पितो आणि पुढच्या एसटीने परत येतो, तसे हे आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतात. डॉ. मगदूम यांनी वीस वर्षे घालवून दह्यातल्या एका जिवाणूला नवे काम शिकवले होते. आतड्यात मुक्काम करायचा, परतीच्या वाटेवरच्या तोतयाचे बखोट धरायचे आणि सकाळी त्याला घेऊनच बाहेर पडायचे. या विरजणाच्या ताकाचे कागदोपत्री नाव दीड ओळीचे होते. बागवान त्याला ‘तडीपार ताक’ म्हणत आणि मग सगळेच तसे म्हणू लागले.

बेचाळीस माणसांनी वर्षभर हे ताक घेतले होते. त्यांत बापू चौगुले होते. एकेकाळी सांगलीच्या मैदानात नाव काढलेला हा पैलवान साखरेने पार चीत केला होता. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि तो काढायची तारीखही ठरली होती. ताक सुरू झाले, इन्सुलिनची सुई सुटली, जखम भरून आली, आणि शस्त्रवैद्याला अंगठा दाखवून बापू घरी आले. आज तोच अंगठा वार्ताहरांना दाखवायला ते इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून हजर होते.

“आजारी कोण? मी?” बापूंनी शर्टाची बाही वर केली. “बागवानसाहेब, हा दंड बघा. दाबा. लाजू नका.”

बागवानांनी दाबला. बोट आत गेले नाही.

“बापू, दंडाचं काही म्हणणं नाही. कागदाचं आहे. तुमचं इन्सुलिन प्रमाणापेक्षा कमी, थायरॉइड प्रमाणापेक्षा जास्त, पुरुष-संप्रेरक तर—” बागवानांनी आवाज खाली आणला, “तर फारच जास्त.”

“ते कागदाला काय विचारताय? आमच्या हिला विचारा की,” बापू म्हणाले.

दुपारपर्यंत बातमी औषध-अनुमती मंडळाकडे पोचली. मंडळाचे अध्यक्ष डॉ. नरहर टिपणीस प्रयोगशाळेतल्या भिंतपडद्यावर प्रकटले. गोल चेहऱ्याचे, गोड आवाजाचे आणि नियमांवर मनापासून प्रेम करणारे ते गृहस्थ होते.

“मगदूमबाई, वाईट वाटतंय हो मला. पण नियम सरळ आहे. औषध घेतल्यावर माणूस प्रमाणाबाहेर गेला तर औषध घातक. तुमचे सगळेच गेलेत. एकही आत नाही. असा घातकपणा माझ्या कारकिर्दीत पाहिला नाही.”

“सर, त्यांचं वजन उतरलंय. दम लागत नाही. जखमा भरल्यात.”

“लक्षणं फसवी असतात. आकडे फसवत नाहीत. सुनावणी मी मिरजेलाच लावतो, तेवढं तुमच्यासाठी करतो. तोवर ताक चालू ठेवा. सुनावणीत काही सिद्ध झालं नाही, तर सगळ्यांना जिवाणूनाशकाचा कोर्स आणि विरजण नष्ट.”

पडदा मावळला. बापूंनी हे सगळे मागे उभे राहून ऐकले होते.

“म्हंजे बाई, ताक बंद?”

“तसं झालं तर.”

“आन साखर परत?”

बापूंनी वाकून चपलेतल्या अंगठ्याकडे बघितले. एखाद्या लहान मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणावे तसे बघितले आणि निघून गेले. बाईंचे वीस वर्षांचे काम पणाला लागले होते, पण त्या क्षणी त्यांना आठवत राहिला तो तेवढा अंगठाच.

यंत्रे तपासली. बरोबर होती. रक्ताचे नमुने दुसऱ्यांदा तपासले. आकडे तेच. शेवटी बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “अझीम, तराजू ठीक आहे. माल ठीक आहे. मग राहिलं काय?”

“माप.”

“हे प्रमाण ठरवलं कोणी? आणि कसं?”

बागवानांनी खांदे उडवले. “कसं म्हणजे? नेहमीसारखं. हजारो धडधाकट माणसं गोळा केली, त्यांचं रक्त तपासलं, दोन्हीकडची टोकं छाटली, मधले राहिले ते प्रमाण.”

“धडधाकट माणसं कुठली आणली?”

“कुठली म्हणजे, आपलीच. पुण्याची, नागपूरची...” बागवान थांबले. मग सावकाश म्हणाले, “ज्यांच्या रक्तात तोतये आहेत, ती.”

“मापाच्या बुडालाच मेण लावलेलं आहे!” बाई उठून उभ्या राहिल्या. “एका गावात सगळेच ताडी पीत असतील, तर तिथल्या वैद्याच्या वहीत झुलत चालणं हे प्रमाण. सरळ चालणारा आला, की तो म्हणणार, याला धरा, याला काहीतरी झालंय. आपली बेचाळीस माणसं आजारी नाहीत. ती या देशातली पहिली सरळ चालणारी माणसं आहेत!”

“वाक्य चांगलं आहे मॅडम. पण टिपणीस विचारतील, पुरावा?”

“स्वच्छ माणसाशी तुलना करायची.”

“आणायचा कुठून? ध्रुवावरच्या अस्वलाच्या चरबीत कधी न नासणारी ‘चिरंजीव’ रसायनं सापडतात. अश्वत्थामा वगैरे सात चिरंजीवांत ही आठवी भर आपली. आज जिवंत असलेला एकही माणूस कोरा नाही.”

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. कोरा माणूस हवा होता आणि तो मेलेलाच असणार होता. मेलेला माणूस रक्त देत नाही. येथे विज्ञान थांबले आणि बाई भाचीच्या लग्नाला गेल्या. आधीच ‘येते’ म्हणून बसल्या होत्या.

लग्नघरात नवरीच्या खोप्यावरून वाद पेटला होता. बाईंच्या शकूआत्याने एक लांबसडक काळेभोर गंगावन आणले होते आणि सजावट करणारी मुलगी ते चिमटीत धरून नाक मुरडत होती.

“आजी, हे कुणाचे केस आहेत?”

“कुणाचे म्हणजे? माझ्या आजेसासूचे. स्वतःचं गुंतवळ साठवून साठवून वळलंय तिनं. रोज विंचरताना गळतील तेवढे केस बोटाला गुंडाळायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. तुमच्यासारखं कचऱ्यात नव्हती टाकत. ती गेली तेव्हा देशात प्लास्टिकची चमचीसुद्धा नव्हती, पण केस बघ, गुडघ्यापर्यंत!”

पद्मजाबाई हातात अक्षता घेऊन उभ्या होत्या. त्या अक्षता खाली पडल्या.

केस म्हणजे शरीराने स्वतःवरच ठेवलेली नोंद असते. मुळाशी केस वाढत असताना रक्तातल्या संप्रेरकांचा माग त्याच्या गाभ्यात अडकतो आणि केस कोरडा राहिला तर तो माग टिकतो. शास्त्राला हे ठाऊक होते. फक्त कोऱ्या काळातले केस कोणी जपून ठेवले असतील, हे शास्त्राला ठाऊक नव्हते. कारण शास्त्राने कधी शकूआत्याचे कपाट उघडले नव्हते.

“आत्या, यातलं थोडं कापून देशील?”

“काय?”

“एक बट. बोटभर.”

“अगं पद्मे, कात्री ठेव खाली! लग्नघरात आजेसासूचे केस कापतेस? तिला वर कळलं तर काय म्हणेल?”

“आत्या, तिच्या केसांवर बेचाळीस माणसांचं आयुष्य अडलंय.”

शकूआत्याने विचार केला. “तिचं तसंच होतं,” ती म्हणाली. “जिवंतपणीही सगळं तिच्याशिवाय अडायचं. घे. पण आतून काप, वरून दिसायला नको.”

एका बाईच्या केसांवर शास्त्र उभे राहत नाही, म्हणून केंद्राने आवाहन केले: आपल्या घरातली जुनी गंगावने एका बटेपुरती द्यावीत. मिरज, कुरुंदवाड, तासगाव, जमखंडी, जिथून जिथून म्हणून कपाटे उघडली, तिथून डबे आले. पुरुषांचे जुने केस मिळतील ही आशा कोणालाच नव्हती. पण ‘सुधारक’ झालेल्या मुलांनी रागाने कापलेल्या आणि त्यांच्या आयांनी रडत डबीत जपलेल्या शेंड्या अनपेक्षित संख्येने निघाल्या. समाजसुधारणेचा एवढा प्रत्यक्ष पुरावा यापूर्वी एकत्र झाला नसेल. एका इनामदार घराण्याने चांदीच्या तबकात, मखमली रुमालाखाली, ‘थोरल्या आईसाहेबांचे केस’ पाठवले. बागवानांनी ते यंत्रात घातले, आकडा वाचला, पुन्हा घातले, आणि इनामदारांना फोन लावला.

“साहेब, आईसाहेबांच्या केसांबद्दल बोलायचं होतं.”

“बोला. काय निघालं?”

“नायलॉन.”

पलीकडे कोणीतरी दार लावून घेतले. मग आवाज आला, “चिरंजीवांच्या सोयरिकीत याच केसांचं कौतुक सांगितलंय. मुलीकडच्यांना कळवू नका.”

आता ताक पिणाऱ्यांचे केस हवे होते. ते सोपे होते, कारण बरे होईपर्यंत कात्री लावायची नाही असा नवस एकूणएकाने बोलला होता आणि प्रत्येकाच्या केसात दोन्ही काळ होते. टोकाकडचा भाग ताकाच्या आधीचा, मुळाकडचा नंतरचा. एकाच केसात तोच माणूस आजारी आणि तोच बरा. एकेचाळीस जणांनी केस दिले. बापूंचे डोके मात्र घोटीव तांब्यासारखे होते.

बागवानांची नजर हळूहळू खाली आली आणि बापूंच्या झुपकेदार, टोकांना पीळ दिलेल्या मिशीवर थांबली.

“नाय,” बापू म्हणाले.

“बापू, तुमचाच आजार सगळ्यांत मोठा होता. तुमच्याशिवाय—”

“बागवानसाहेब, कुस्ती हरलो तवासुदिक मिशीला कुणी हात लावला न्हाई.”

“अंगठा हवा की मिशी?” बाईंनी विचारले.

बापू खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “एकाच बाजूची काढू नका. काढायची तर दोन्ही. आन आरसा आणू नका.”

सुनावणीच्या दिवशी केंद्राच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. बेचाळीस जण पुढच्या दोन रांगांत बसले होते. बापूंना त्यांच्या शेजाऱ्यानेही ओळखले नाही. व्यासपीठावर अध्यक्षांसह मंडळाचे पाच सदस्य होते, मध्ये डॉ. टिपणीस. त्यांच्यापुढे पाण्याचा पेला आणि जेवणाआधी घ्यायच्या मधुमेहाच्या गोळ्यांची डबी.

“तर बाई,” टिपणीस प्रेमळपणे म्हणाले, “आपण आम्हाला केस दाखवणार आहात, असं ऐकतो.”

“हो. गंगावनं आणि शेंड्या.”

मागून हशा पिकला. टिपणिसांनीही त्यात सौजन्याने भाग घेतला.

“शंभर-सव्वाशे वर्षं तेल, शिकेकाई आणि डांबरगोळ्यांत मुरलेला पुरावा! डांबरगोळी हेच एक प्रदूषक आहे, बाई.”

“बाहेरून आहे. आम्ही केसाची साल धुऊन टाकली आणि फक्त गाभा वाचला. आजच्या केसांनाही तेल आणि डांबरगोळी लावून तोच प्रयोग केला. गाभ्यातला आकडा हलला नाही.”

“आणि गंगावनं जपणारी घरं खाऊनपिऊन सुखी. गरिबांचे केस कुठं आहेत?”

“गुंतवळ सुयांच्या मोबदल्यात घेणाऱ्या बायका दारोदार फिरायच्या. नाटकमंडळ्यांचे जुने टोप त्या केसांचे. ते कोणाचे, हे त्यांनाही माहीत नसायचं. पण सुईसाठी केस विकणारे म्हणजे गरीबच. तेही तपासले.”

“इन्सुलिन केसात सापडतं?” एका सदस्याने विचारले.

“नाही. ते आम्ही सिद्ध केलं, असं म्हणत नाही. थायरॉइड आणि पुरुष-संप्रेरक धरून बाकीची चार सापडतात. चारांची मिळून एक रेघ काढलीय. ती बघा.”

पडद्यावर एक निळी रेघ उमटली. “ही आजची धडधाकट माणसं. आपलं प्रमाण.” तिच्यापासून दूर, वर, दुसरी रेघ उमटली, पांढरी. “ही प्लास्टिकपूर्व माणसं. गंगावनं, शेंड्या, टोप. आणि आता आमचे बेचाळीस.” तिसरी रेघ, हिरवी, निळीच्या अंगावरून सुरू झाली. “इथं ताक सुरू झालं.” रेघ वर सरकू लागली. महिन्यामहिन्याने निळीपासून दूर जात राहिली. हिरवी रेघ पांढरीपाशी पोचली, तिच्यावर टेकली आणि तिथेच राहिली. पांढरी दिसेनाशी झाली.

“ही बापू चौगुल्यांची मिशी,” बाई म्हणाल्या, “आणि हिच्याखाली आमच्या शकूआत्याची आजेसासू आहे. त्यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. रेघेत नाही.”

मग त्या टिपणिसांकडे वळल्या. “आमची माणसं प्रमाणाबाहेर गेलेली नाहीत, सर. प्रमाणच माणसाबाहेर गेलं होतं. ही परत आलीत.”

टिपणीस पडद्याजवळ गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियमांवर प्रेम करणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. नियम चुकला, हे नियमानेच सिद्ध झाले तर त्याला पळवाट राहत नाही. ते प्रामाणिक होते. त्यांनी गणित स्वतः तपासले, दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरे मिळाली. ते जागेवर आले आणि उभ्यानेच म्हणाले, “ताक घातक नाही. कोर्स रद्द. विरजण राखावं. मंडळ ताकाला अनुमती देत आहे.” मग घसा साफ करून पुढे म्हणाले, “आणि जुनं प्रमाण उद्यापासून रद्द. देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत गंगावन-प्रमाण लागू.”

सभागृह उसळले. कोणी कोणाला मिठी मारली, याचा हिशेब राहिला नाही. बागवानांनी चक्क इनामदारांना मिठी मारली. शकूआत्या शेजारच्या बाईला सांगत होती, “बघ, सगळं तिच्याशिवाय अडायचंच.” बापू खुर्चीवर चढले, चप्पल काढली, उजवा पाय वर उचलला आणि भर सभेत शड्डू ठोकला. एका पायावर शड्डू ठोकणे मोठ्या पैलवानांनाही जमत नाही. त्यांना जमले.

गलका ओसरल्यावर एका सदस्याच्या लक्षात आले. त्याने घाबऱ्या आवाजात विचारले, “अध्यक्षमहाराज, नवं प्रमाण लागू झाल्यावर उद्या सकाळी देशात निरोगी माणसं किती?”

टिपणिसांनी बाईंकडे बघितले.

“बेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“आणि आजारी?”

“बाकीचे.”

“म्हणजे आम्ही पाचजणही?” टिपणिसांनी विचारले.

“तुम्हीच तर ठराव केलात, सर. पण घाबरायचं कारण नाही. आजार एकच आहे आणि औषध तयार आहे. विरजण वाटायला आपल्याकडे कारखाना लागत नाही, शेजार लागतो. वर्षभरात देश परत मापात येईल.”

पाचही सदस्य एकमेकांकडे प्रथमच रोगी म्हणून बघू लागले. मग त्यांतल्या एकाने टाळी वाजवली, दुसऱ्याने साथ दिली, आणि आजारी देशाने आपल्या आजाराचा शोध लागल्याबद्दल उभे राहून जल्लोष केला. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटले, मागे श्वास भरून घेऊन अर्धवट सोडलेले ते दुसरे वाक्य आता बोलावे. इतिहास वाट बघत होता.

तेवढ्यात डॉ. टिपणिसांनी त्यांना हळूच खांबाआड बोलावले. आजूबाजूला कोणी नाही, हे पाहिले, आवाज खाली आणला.

“मगदूमबाई, ताक मी उद्यापासून घेणारच, तो प्रश्न नाही. फक्त माझा यंदाचा अहवाल तेवढा जुन्या मापाने छापून द्याल का? नॉर्मल आहे म्हणून घरच्यांनी रविवारी आमरस कबूल केलाय हो.”